ओढ्यापर्यंत रान

उत्तर दिशा

कागदावर उत्तर वरच्या बाजूला होती. जागेवर वर होता मुरमाड माळ, माळावर थोडे कडुलिंब आणि एक वाकडा हिवर. खाली काळी जमीन आणि तिच्या कडेनं ओढा. या दोन्हींच्या मधे कुमुद निमकर उभी होती, पदर कमरेला खोचून. एका हातात नकाशाची सुरळी, दुसऱ्या हातात चप्पल. चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिला थांबायला सवड नव्हती.

साल १९७४, श्रावण. होटगी रस्त्याला नवी सोसायटी उभी राहत होती. मिलमधले जॉबर, चादरीचे मागवाले, रेल्वेतले कारकून अशा सगळ्यांची घरं दोन खोल्यांची, एकसारखी, खिडक्यासुद्धा एकसारख्या. त्या सगळ्यांच्या पाठीमागे बागेसाठी राखलेला हा तुकडा. बाग आखायचं काम कुमुदला मिळालं होतं. ती मूळची दापोलीची. मुंबईत आर्किटेक्ट झालेली, मग दिल्लीला जाऊन बागा आणि मैदानं आखायला शिकलेली, आणि आता रेल्वेतल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून सोलापुरात. इथलं हे तिचं पहिलं काम. बिघडलं असतं तर शेवटचंही.

चेअरमन गुरुसिद्धप्पांनी आधीच सांगून टाकलं होतं. त्यांचा चादरींचा कारखाना होता आणि मागांच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज कायमचा चढलेला.

"बाई, संक्रांतीला गड्ड्याची जत्रा झाली की आपली सभा. तोवर काहीतरी हिरवं दिसलं पाहिजे. लोकांना पटलं तर तुमची बाग. नाही पटलं तर मास्तरांची."

मास्तर म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी सिद्धाराम. शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांची बाग तयारच होती, डोक्यात. मधोमध सिमेंटचं कारंजं, भोवती क्रोटनच्या कुंड्या गोल, आणि एक जिराफ.

"जिराफ?" कुमुदनं विचारलं होतं.

"सिमेंटचा. पुण्याला पाहिलाय मी. पोरं मानेवर चढतात."

कुमुदच्या बागेत कारंजं नव्हतं, कुंड्या नव्हत्या, एकसुद्धा सरळ ओळ नव्हती. निसर्गात ओळ नसते, असं ती भेटेल त्याला सांगायची. दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. इथलंच गवत, इथलीच झाडं. पाणी वाहतं तिथंच ओहळ, माणसं चालतात तिथंच वाट. नकाशाच्या खालच्या अर्ध्या भागात तिनं मोठ्या, झोकदार अक्षरांत एकच शब्द लिहिला होता.

रान.

सूचना

गणपतीला कोकणातलं माणूस घरी जाणारच. निघायच्या दिवशी कुमुद जागेवर आली. मजुरांची मुकादम सोजरबाई, मंगळवेढ्याकडची, उंच, जिभेला धार असलेली, हिवराखाली भाकरी खात बसली होती. शेजारी राखणीला ठेवलेला धुळा. त्याची मेंढरं माळावर.

"सोजरबाई, वरच्या माळाला हात लावायचा नाही हं."

"न्हाय लावत."

"खाली मात्र रान करायचं. पार ओढ्यापर्यंत रान."

सोजरबाईचा घास हातातच राहिला. "रान? हितं?"

"हो."

"समदं?"

"सगळं. मोकळं काही ठेवू नका."

सोजरबाईनं धुळ्याकडं बघितलं, धुळ्यानं सोजरबाईकडं.

"बाई, तुमचं मन लई मोठं हाय बगा."

कुमुदला भरून आलं. गुरुसिद्धप्पांना समजावलं, मास्तरांना समजावलं, नवऱ्याला तर रोज रात्री समजावलं. आणि कळलं ते हिला, एका वाक्यात!

"आणि बी इथलंच हवं. बाहेरचं नको."

"भायेरचं कशाला? माज्या म्हायेरचं आनते की."

"छान!" असं म्हणून कुमुद टांग्यात बसली.

इथं नकाशाला घडी पडली आहे

घडीत काय गेलं ते असं. कुमुदची आई विहिरीपाशी घसरली, पाय मोडला. गणपतीला गेलेली मुलगी दिवाळी उलटेपर्यंत दापोलीत अडकली. पावसाचा आवाज कौलांवर, आणि डोळे मिटले की तिचं रान. कमरेएवढं गवत, वाऱ्याबरोबर एका अंगानं लवणारं. त्यात लपलेले पक्षी.

ओळ एकही नाही.

ओळी

ओळी.

ओळी आणि ओळी.

ओळीत उभं, ओळीत हिरवं, ओळीत डुलणारं. स्टेशनवरून टांगा थेट जागेवर आणलेली कुमुद, टांग्याच्या पायरीवर एक पाय, जमिनीवर एक पाय. पुढं काळ्या जमिनीत, पार ओढ्यापर्यंत, छातीएवढं काहीतरी शिस्तीत उभं होतं, कवायतीला उभं राहावं तसं.

"सोजरबाई! हे काय?"

सोजरबाई लगबगीनं आली. तोंड असं फुललेलं, की जणू घरी पाळणा हलला होता. "रान!"

"हे शेत आहे!"

"मग? रान म्हंजी दुसरं काय आसतंय?"

"रान म्हणजे... रान! झाडी, गवत. जे आपोआप वाढतं ते!"

"आपोआप वाढतंय त्येला आमी तन म्हनतो, बाई. उपटून टाकतो."

टांगेवाल्यानं खाली वाकून पान चाचपलं. "मालदांडी है बाईजी. ज्वार. बढिया है."

"मंगळेड्याचं बी हाय," सोजरबाईनं त्याला सांगितलं. आता तिला एक तरी जाणकार भेटला होता. "हस्ताचा पाऊस बी बेस झाला. धुळाप्पानं बैलं आनली, कुळवलं, पेरलं. एक ठोंब मेला न्हाय."

कुमुद ट्रंकेवर बसली. दापोलीत रान म्हणजे घराच्या मागं डोंगरावर असतं ते, ज्यात रात्री जायचं नाही. इथं रान म्हणजे सकाळी भाकरी बांधून जायचं ते. शब्द एकच. टांग्यात बसून ती तो खुशाल टाकून गेली होती.

नळावर, पानाच्या गादीवर, मास्तरांच्या ओट्यावर

"बाग झाली म्हणं खाली."

"बाग कसली, शाळू!"

"दिल्लीत हेच शिकवतात काय?"

"शिकवत असतील. दिल्लीला भाकरी कुठं मिळते?"

"अय्यो बाई!" हे गुरुसिद्धप्पा, रस्त्याच्या पलीकडून. "मी हिरवं म्हटलं होतं, हुरडा नव्हतं म्हटलं!"

"सोसायटीच्या जागेत शेती? महापालिकेनं पाहिलं तर जागाच काढून घेतील." हे मास्तर. ते रागावले नव्हते. जिंकत आलेला माणूस रागावत नाही. "जिराफ मी सांगून टाकलाय. आपला गणपती करणारा कारागीर आहे ना, तोच करतोय. तुम्ही ते एवढं उपटून घ्या, बाई."

"उपटते," कुमुद म्हणाली.

आणि सोजरबाई, कमरेवर हात ठेवून: "उबं पीक उपटायचं? बाहत्तर सालाला आमी खडी फोडत व्हतो. पेरायचं बी दळून खाल्लंय ह्या हातांनी. बाई, तुमी म्हनला तर दगुड फोडीन, भित्ती पाडीन. ह्ये मातुर माज्या हातनं व्हायचं न्हाय. तुमच्या हातनं करा."

वाट

दुसऱ्या दिवशी मिलचा भोंगा व्हायच्या आत कुमुद एकटीच आली. आपल्या हातानं करायचं तर करायचं. ओळीच्या टोकाला वाकली, शाळूचं एक ताट दोन्ही हातांनी धरलं, ओढलं. आलं नाही. पुन्हा ओढलं. मुळाशी मातीचा गोळा घेऊन आलं आणि ती मागं जाऊन आपटली.

बसल्या बसल्या तिला भांडण ऐकू आलं. पिकाच्या आतून.

"ए रत्नम्मा! डोळं फुटलं का तुजं? पिकातनं चालतीस!"

"वाटेत पीक आला, अक्का! वाट नाही गेली पिकात! लग्न झाल्यापासून मी इथून जाते."

"बांदावरनं जा की!"

"बांध माझ्या कारखान्याला जात नाही!"

रत्नम्मा पलीकडच्या मागवाल्यांच्या तेलुगू वस्तीतली. नवरा मागावर, ती विड्या वळायची. वळलेल्या विड्यांची टोपली डोक्यावर घेऊन तिच्यासारख्या कितीतरी बाया रोज ओढा ओलांडून विडी कारखान्यात जायच्या. सोजरबाईनं आश्विनात त्यांची पायवाट नांगरून टाकली होती. बायांनी ती कार्तिकात परत तुडवून घेतली होती.

कुमुद उठली. भांडणाच्या रोखानं चालली. आणि पाय आपोआप वाटेला लागले.

वाट माळावरून उतरत होती. सरळ नाही. हिवरापाशी सावलीच्या लोभानं किंचित आत शिरायची, काट्यांच्या भीतीनं तेवढीच बाहेर यायची, मग मोठा वळसा घेऊन ओढ्यातल्या दगडांकडं. कुमुदनं श्रावणभर हीच रेघ कागदावर काढून खोडली होती! दर वेळी ती खोटी यायची, लाडात आल्यासारखी. आणि इथं ती पडली होती, बायांच्या अनवाणी पायांनी काढलेली.

आणि ओळी!

ओळींमुळे वाट दिसत होती. चालताना डाव्या हाताच्या ओळी उघडायच्या, मिटायच्या. हिरवी भिंत, भिंत, भिंत, आणि एका पावलावर अचानक सगळ्या ओळी नजरेच्या रोखात! थेट पाणी दिसायचं, पाण्यावर ऊन. पुढच्या पावलाला पुन्हा भिंत.

ती मागं गेली. पुन्हा चालली. भिंत, भिंत, पाणी!

ती पळाली. वरपर्यंत पळत गेली, पळत खाली आली.

पाणी!

भांडण थांबलं होतं. सोजरबाई आणि रत्नम्मा खांद्याला खांदा लावून बघत होत्या.

"बाईला वारं लागलं गं."

"इथलं नाही, अक्का. दिल्लीचं असेल."

"उपटू नका!" कुमुद धापा टाकत ओरडली. "काहीसुद्धा उपटू नका!"

"आमी कुटं उपटतोय?" सोजरबाई म्हणाली. "तुमच्याच हातात हाय की."

होतंच. मुळासकट, मातीसकट. कुमुदनं ते ताट परत भोकात खोचून पायानं माती दाबली. सोजरबाईनं तोंड फिरवून हसू लपवलं, कारण ते जगणार नव्हतं हे तिला आणि रत्नम्माला ठाऊक होतं.

मग नकाशा जमिनीवर पसरला गेला. चार कोपऱ्यांवर सोजरबाईनं चार दगड ठेवले. कुमुद खोडत होती. खोडरबर झिजला, तरी खोडत होती. हिवराच्या जागी कागद फाटला. तिनं फाटक्या कडेकडेनं पेन्सिल फिरवली, आणि वळण बरोबर आलं.

"रत्नम्मा, इथं तुम्ही थांबता का कधी?"

"टोपली बदलतो. या डोक्यावरून त्या डोक्यावर."

"म्हणजे इथं वाट रुंद!" रेघ सुटली. "आणि इथं?"

"इथं सासूला शिव्या देतो. घरापासून लांब आहे."

"इथं बसायला दगड!"

त्याच झपाट्यात, मातीच्या हातांनी, ती गुरुसिद्धप्पांच्या कारखान्यात शिरली. मागांच्या खडखडाटात दोघं ओरडून बोलले.

"सभा देवळात नको! जागेवर घ्या!"

"कशाला?"

"हुरड्याला!"

गुरुसिद्धप्पांनी एक माग बंद करवला, नीट ऐकायला. "हुरडा? शेंगाची चटणी असेल?"

"तुम्ही आणाल तर असेल!"

"आणि मास्तर?"

"मास्तर हुरडा खात नाहीत का?"

"सोलापूरचा माणूस, बाई. नाही कसा म्हणेल?" आणि ते पोट धरून हसले. पण हसणं ओसरल्यावर बोट वर केलं. "येतील लोक. खातील. खाऊन सुद्धा हात मास्तरांसाठी वर करतील, एवढं ध्यानात ठेवा."

प्रमाण

कागदावर शाळू बोटभर होता. पौषात तो माणसाच्या डोक्यावरून गेला.

सभेचा दिवस उजाडला. सोजरबाईनं ओढ्याच्या कडेला खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या. धुळ्यानं कणसं निवडून आणली, निखाऱ्यांच्या आरात खुपसली. धूर निळा, सरळ वर. कुमुदला सकाळपासून एक घास गेला नव्हता. लोक आले तेव्हा ती माळावर उभी होती, हात पाठीमागं, बोटं एकमेकांत घट्ट.

लोक रांगेत उतरू लागले. आणि पहिल्या वळणावर नाहीसे झाले.

फक्त आवाज.

"अहो, कुठं गेलात?"

"पुढंच आहे!"

"दिसत नाही!"

"अगं बाई, पाणी! इथून पाणी दिसतंय बघ!"

"कुठंय?"

"गेलं. एक पाऊल मागं ये. हां, आता!"

कुमुदची बोटं सुटली. शाळूतून माणसांचा आवाज येत होता आणि शेंडे हलत होते, त्यावरून कोण कुठं पोचलं ते कळत होतं. एक जॉबर आणि त्याची बायको त्या पाण्याच्या पावलावर मागं-पुढं करत चक्क फुगडी घातल्यासारखे फिरत असावेत. पोरांच्या तर नुसत्या किंकाळ्या.

तेवढ्यात बैलगाडी आली. गाडीत जिराफ.

पिवळाधमक, तपकिरी ठिपके, कारागिरानं सवयीनं गणपतीसारखे डोळे काढलेले, लांब पापण्यांचे. शेजारी मास्तर, इस्त्रीचा शर्ट, टोपी. गाडी वाटेनं उतरेना. चार गड्यांनी जिराफ उचलला, "हळू, हळू, मान सांभाळा!" करत मास्तर मागं. वाट रुंद होते तिथपर्यंत गडी कसेबसे पोचले आणि दमून त्यांनी तो शाळूतच टेकवला.

भुर्रर्रर्र!

सगळ्या शिवारातल्या चिमण्या एका झटक्यात उठल्या. आभाळात काळी चादर झटकावी तशा गेल्या, ओढ्यापलीकडं.

हिरव्यातून फक्त लांब मान आणि डोकं वर आलेलं. पापण्या. कान.

"आगं बया!" सोजरबाई म्हणाली. "बुजगावनं!"

हशा असा उसळला की बैल बुजले. सोजरबाई मास्तरांपुढं हात जोडून उभी. "मास्तर, सुगीपातूर ह्येला हितनं हालवू नगा. गोफन फिरवून माजा खांदा गेला बगा!"

मास्तरांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी बोलणार होते, कुमुदला दिसलं ते, कारंज्याचं, महापालिकेचं. ते जिराफाकडं वळले. आणि तसेच राहिले.

वारा आला. शाळू लवला, जिराफ लवला नाही. पुन्हा वारा.

"असाच असतो तो," मास्तर हळू म्हणाले. "गवतात. भूगोलाच्या पुस्तकात चित्र आहे. मी दर वर्षी फळ्यावर काढतो." टोपी काढून त्यांनी हातात धरली. "कुंड्यांत नाही बरा दिसणार."

कुमुद त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या बागेत सिमेंटचा जिराफ. दिल्लीच्या सरांनी पाहिला असता तर! आणि तिला आतून हसू फुटत होतं, कारण तो खरंच बरा दिसत होता.

"राहू दे इथंच," ती म्हणाली.

सभा झाली ती तोंडं भरलेली असताना. गरम हुरडा, शेंगाची चटणी, हात काळे.

"कारंजं?" कुणीतरी विचारलं.

"पाणी नळाला येत नाही, कारंज्याला कुठलं?" गुरुसिद्धप्पा गरजले. "मास्तर, ठराव लिहा!"

मास्तर बसायच्या दगडावर बसून लिहू लागले. "वरचा माळ आहे तसा ठेवावा. वाट आहे तशी ठेवावी. जिराफ," इथं त्यांनी मान वर केली, कुणी हरकत घेतली नाही, "आहे तिथं ठेवावा. आणि खालच्या बाजूस..." पेन थांबलं. "काय लिहू? बाग? शेत?"

"रान!" कुमुद म्हणाली.

"रान!" त्याच क्षणी सोजरबाई म्हणाली.

मास्तरांनी लिहिलं. हात वर झाले. हुरड्यानं माखलेले, काळे, एकजात. गुरुसिद्धप्पांनी तर दोन्ही वर केले. कुमुदनं धुळ्याच्या हातातलं कणीस घेतलं आणि उभ्या उभ्या, तोंड भाजत, खाल्लं.

पुढल्या साली

"फुडल्या साली कडंनं करडई घालू," सोजरबाई निखारे मोडत म्हणाली. "पिवळी फुलं बरी दिसत्यात. मदी शाळू."

"पुढल्या साली गवत, सोजरबाई."

"गवत?"

"ठरावात रान आहे."

"व्हय की. रानच हाय!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. आधी सोजरबाईचे खांदे हलले. मग कुमुद हसायला लागली, आणि दोघींना थांबता येईना, रत्नम्मा "काय झाला, काय झाला?" विचारत दोघींच्या मधे.

"आर्दं आर्दं," शेवटी सोजरबाई डोळे पुसत म्हणाली.

"आणि मधून वाट."

"वाट तर हायच. ह्या बया सोडत्यात व्हय?"

तोवर चिमण्यांना कळून चुकलं होतं. एक आली. दुसरी आली. तिसरी सरळ जिराफाच्या कानावर बसली आणि चोच पुसू लागली.

"मेलं, ह्ये बी कामाचं न्हाय!" सोजरबाईचा हात कमरेच्या गोफणीला गेला. कुमुद "नको" म्हणायच्या आत दगड सुटला. चिमणी उडाली. कानसुद्धा उडाला.

"अहो! अहो सोजरबाई! कान!" मास्तर ठराव दगडावर टाकून धावले, पेन हातात तसंच; पहिलं वळण, दुसरं वळण, टोपी तेवढी दिसत होती आणि तीही गेली. मग शाळूच्या आतून, धापा टाकत, त्यांचा आवाज आला.

"इथून पाणी दिसतंय!"